येथे मौन नोंदवून मिळेल

त्या रविवारी मौन सुरू झालं आणि घड्याळजींना काहीच ऐकू आलं नाही. मौनात ऐकू यायचं असतं तरी काय, असं बाहेरचा कुणी विचारील. पण ज्या माणसानं चव्वेचाळीस वर्षं दर रविवारी प्रवचन संपल्यावर पाचव्या बाकाच्या कडेला बसून मौन मोजलं, त्याला त्यात काय काय ऐकू येतं ते त्यालाच ठाऊक. बाकाची फळी करकरते. कुणाच्या छातीत घरघर होते, कुणी गिळलेला खोकला नाकातून निसटतो. वर पत्र्यावर कबुतरं चालतात तेव्हा त्यांच्या नखांची टकटक होते, आणि या सगळ्याच्या तळाशी दीडशे माणसांचा श्वास असतो. आधी प्रत्येकाचा वेगळा, मग, मौन लांब असायचं तेव्हा, दुसऱ्या मिनिटाच्या सुमाराला हळूहळू एकमेकांत मिसळत गेलेला. त्या रविवारी यातलं काही म्हणजे काही आलं नाही. गेले कान, असं त्यांना वाटलं. सत्तरी उलटलेल्या माणसाचं काहीही कधीही जाऊ शकतं. त्यांनी कोणी पाहत नाही असं बघून खिशातलं घड्याळ काढलं आणि नाक खाजवल्यासारखं करत कानाला लावलं. टिकटिक नीट चालू होती. म्हणजे कान जागेवर होते. मग गेलं काय?

त्यांनी वर पाहिलं. पत्रा दिसत नव्हता. तीन आठवडे चर्च बंद ठेवून काम चाललं होतं, उपासना शाळेच्या हॉलमध्ये होत होती, आणि आज पहिल्यांदाच मंडळी परत आपल्या जागी आली होती. पत्र्याखाली आता पांढऱ्या मऊ चौकोनांचं छत होतं, चौकोनांना सुईच्या टोकाएवढी भोकं होती आणि ती भोकं म्हणे आवाज पिऊन टाकत. खाली गालिचा. बाकांवर गाद्या. थंड हवा कुठून येते ते कळत नव्हतं, पण मान आखडत होती. हे सगळं मंडळीतल्याच एका फरशीच्या व्यापाऱ्यानं करून दिलं होतं. त्यांना आता सगळे छतवाले म्हणत. घड्याळजींना हे आवडलं नाही असं म्हणावं तर तेही खरं नव्हतं. पावसाळ्यात वेदीच्या दोन्ही बाजूंना बादल्या ठेवाव्या लागत आणि म्हाताऱ्या बायका छत्री उघडून गीत म्हणत, ते काय फार छान होतं? गाद्यांमुळे त्यांच्या स्वतःच्या माकडहाडाला आज किती बरं वाटत होतं! तेव्हा आपल्यालाच काही कळत नसेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. असं ठरवायची त्यांना जुनी सवय होती. समोरच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘मौन’ असं आलं होतं, त्याखाली आकडे उतरत होते, एकोणीस, अठरा, सतरा, आणि अगदी खाली बारीक अक्षरांत आजचं मौन कुण्या सिमेंटवाल्या कुटुंबानं आपल्या ख्रिस्तवासी आजोबांच्या स्मरणार्थ दिलं असल्याचं लिहिलं होतं. शून्य आलं. पडद्यातूनच कुठून तरी संगीत सुरू झालं आणि मंडळी उठली. आजवर घड्याळजी उभे राहिले की मौन संपलं, असा रिवाज होता. घंटा नाही, शब्द नाही. पाचव्या बाकावरचा तो बारीकसा माणूस उठला की मंडळी उठायची. आज मंडळीला उठवणारा माणूस मंडळी उठल्यावर उठला. घड्याळ अजून त्यांच्या कानाशीच होतं.

दारापाशी तरुण पाळक सगळ्यांशी हात मिळवत उभे होते. माणूस चांगला. दवाखान्यात कुणी असलं की रात्री-बेरात्री स्कूटर काढून जाणारा. त्यांनी घड्याळजींचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, म्हणजे काहीतरी काम होतं.

“काटेकाका, कसं वाटलं? एकदम शांत झालं ना आत?”

“झालं खरं,” घड्याळजी म्हणाले. “जरा जास्तच झालं.”

पाळक मनापासून हसले. चर्चमध्ये घड्याळजींना काटेकाका म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. “काका, तुमच्याकडून एक हवंय. नाही म्हणायचं नाही. मौनाच्या देणग्या जमतात ना, त्या मौन निधीची आपण एक छोटी फिल्म करतोय. तीन मिनिटांची. लोकांना कळू दे की हे मौन आपल्याकडं आलं कसं. तुम्ही सोडून सांगणार कोण? तेव्हाचं कुणी राहिलंच नाही.”

“मला बोलता येत नाही हो चारचौघांत.”

“चारचौघं कुठं? कॅमेरा आणि तुम्ही. गुरुवारी सकाळी. तुम्ही फक्त सांगायचं, पैसा नव्हता, पण आम्ही मौन निवडलं. बस.”

मागं रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, “काका, हिरो झालात की!” आणि घड्याळजींच्या तोंडून हो निघून गेलं. त्यांचं आयुष्यभर असंच झालं होतं. मागं रांग लागली की ते हो म्हणत.

ते चालत निघाले. रविवारी दुकानं बंद, फुटपाथ मोकळा. चालताना ‘निवडलं’ हा शब्द बुटात खडा जावा तसा त्यांना टोचत होता. निवडलं! त्यांच्यासमोर ती जुनी पायपेटी उभी राहिली. पायानं भाता मारायचा आणि हातानं वाजवायची, माणसाच्या छातीएवढी उंच बाजाची पेटी, तिच्या लाकडाला मेणाचा आणि उंदराचा वास. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, घड्याळदुरुस्तीचं दुकान नुकतंच स्वतःच्या नावावर झालं होतं आणि ज्यात चाक किंवा पट्टी आहे ते आपण दुरुस्त करू शकतो अशी त्यांची खात्री होती. इतकी खात्री त्यांना पुढं कशाचीच वाटली नाही. पेटीचे दोन सूर अडकत होते. दुरुस्तीवाला बाहेरगावाहून आणायचा तर त्याचं भाडं द्यायला मंडळीकडं पैसा नव्हता. त्या वर्षी पाळकांचा पगारसुद्धा कधी धान्यात तर कधी आश्वासनात मिळत होता. “मी बघतो,” असं घड्याळजी पंचांच्या बैठकीत म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, न विचारता. चार दिवस दुपारी दुकान बंद करून ते रिकाम्या चर्चमध्ये बसले. पेटीच्या पोटात एकसष्ट पितळी पट्ट्या होत्या, प्रत्येकीला एक जीभ, वारा लागला की थरथरणारी. त्यांनी त्या एकेक करून काढल्या, घड्याळाच्या भागांसारख्या रॉकेलमध्ये बुडवल्या, पुसल्या, भिंगाखाली धरल्या. भिंगाखाली त्यांना दिसलं की कुठली जीभ टोकाला झिजलीय, कुठली मुळाशी. कुठं खरवडल्याच्या रेघा, कुठं जाडी कमी, कुठं जास्त. घड्याळजीचा डोळा तो. झीज दिसली की त्याचा हात शिवशिवतो. त्यांनी बारीक कानस घेतली आणि चार दुपारी खपून सगळ्या जिभा गुळगुळीत, झकास, एकसारख्या करून ठेवल्या. त्या रेघा म्हणजेच सूर होता, शंभर वर्षांपूर्वी कुण्या कारागिरानं कान लावून खरवडून खरवडून जागेवर आणलेला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

रविवारी पेटी वाजवणाऱ्या बाईंनी भाता मारला, दोन्ही हात पेटीवर ठेवले, आणि जे काही बाहेर आलं ते ऐकून पहिल्या बाकावरचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. गोठ्यात म्हशी भांडाव्यात तसा आवाज. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्यांनी हात मांडीवर घेतले आणि मान खाली घातली, जणू चूक त्यांचीच होती. घड्याळजींना तेव्हा घाम फुटला होता तो अजून, या फुटपाथवर, चव्वेचाळीस वर्षांनी, मानेवर ओला लागत होता. जुने पाळक पुढं आले. उंच, वाकलेले, कोपरावर ठिगळ असलेला काळा कोट. त्यांनी पेटीकडं पाहिलं, मग सरळ घड्याळजींकडं पाहिलं, फार वेळ नाही, आणि मंडळीला म्हणाले, “पेटी म्हातारी झाली. आज आपण गप्प बसू या.” एवढंच. मंडळी गप्प बसली. उपासनेनंतर त्यांनी घड्याळजींना मागच्या खोलीत बोलावलं. घड्याळजी रडायच्या बेतात होते. “अरे, रडतोस काय लेका,” पाळक म्हणाले, “तुझ्याकडं घड्याळ आहे ना? मग पुढच्या रविवारी वेळ मोज. गीत चार मिनिटांचं होतं, तेव्हा चार मिनिटं. संपलं की उभा राहा. बोलू नकोस, तुला बोलता येत नाही.” त्यांनी पेटीचं नाव परत कधी काढलं नाही. पेटी मागच्या खोलीत गेली आणि पुढं सरपणात. सहा वर्षांनी कुणा परदेशी गेलेल्या कुटुंबानं पियानो दिला, तेव्हा गीत परत आलं, पण मंडळीच म्हणाली, ते चार मिनिटं राहू द्या. बायका म्हणाल्या, आठवड्यात तेवढंच कुणी हाक मारत नाही. निवडलं ते हे इतकंच. आणि तेही चूक झाकता झाकता.

घरी येऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि ते खुर्चीत बसले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतला माणूस बनियनवर कपडे वाळत घालताना दिसत होता. मौनाच्या तिसऱ्या वर्षी, की चौथ्या? चौथ्याच. तेव्हा शेजारच्या दवाखान्यातल्या नर्स रात्रपाळी संपवून तशाच पांढऱ्या कपड्यांत उपासनेला येत. त्यातली एक घड्याळजींच्या पुढच्या बाकावर बसायची. तिच्या मानेवर डाव्या बाजूला केसांची एक बट कधीच टोपीत राहत नसे. एका रविवारी, मौनाच्या चौथ्या मिनिटात, सगळं चर्च पाण्यासारखं निवळलेलं असताना तिच्या पोटातून आवाज आला. साधासुधा नाही. जुनं दार उघडावं तसा लांबलचक, मध्ये थांबून विचार करून पुन्हा सुरू झालेला. तिची मान लाल झाली. कान लाल झाले. ती रात्रभर उपाशी होती हे घड्याळजींना त्या मानेवरून कळलं. काटा अजून अर्धं मिनिट मागं होता. घड्याळजी उभे राहिले. दीडशे माणसं धडाधड उठली, फळ्या वाजल्या, खोकले मोकळे झाले, आणि तो आवाज त्यात बुडून गेला. बाहेर पडल्यावर ती त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, “आज तुमचं घड्याळ पुढं होतं वाटतं.” ते म्हणाले, “दुरुस्त करायला हवं.” ती म्हणाली, “नका करू.” एवढ्यावर त्यांचं लग्न झालं. चौतीस वर्षांच्या संसारात ती त्यांना या अर्ध्या मिनिटावरून चिडवायची, भाजी करपली, नळ चालू राहिला, काही झालं की म्हणायची, “तुम्ही तेव्हाच बेइमानी केली होती, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.” आणि ते हसायचे. पण पेटीचं त्यांनी तिलाही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलं. ती मौनावर इतकं प्रेम करायची की त्याखाली काय पुरलंय ते तिला दाखवायचा त्यांना धीर झाला नाही. मग तिला दम्यानं धरलं, आणि सांगायचं म्हणून जी गोष्ट होती ती तिच्या श्वासापुढं क्षुल्लक झाली. चहाचं आधण आटून भांडं तडतडायला लागलं तेव्हा ते उठले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, विम्याच्या कचेरीत मोठ्या जागेवर होती, आणि फोनवर नेहमी धावत असल्यासारखी बोलायची.

“बाबा, जेवलात? खोटं बोलू नका.”

“जेवलो.”

“म्हणजे नाही जेवलात. बरं, ऐका, एक आनंदाची बातमी. आई गेली त्या दिवसाचं मला मौन मिळालं.”

“काय मिळालं?”

“मौन हो! चर्चचं. ऑनलाइन नोंदवायचं असतं. सहा महिने वेटिंग आहे, पण कुणीतरी रद्द केलं आणि नेमका पुढचाच रविवार मिळाला. पडद्यावर आईचा फोटो येईल. मी येणार आहे त्या दिवशी, सुट्टी टाकली नाही तरी रविवारच आहे.” मग आवाज खाली आणून, “बाबा? आवडलं नाही का?”

पूर्वी कुणाचं माणूस गेलं की त्या रविवारच्या मौनात सगळ्यांना ते ठाऊक असायचं, नाव न घेता. चाराची दोन मिनिटं झाली ती उपासना इंटरनेटवर दाखवायला लागल्यापासून, “काका, चार मिनिटं कोण थांबतो? लोकांना वाटतं नेट गेलं,” असं पंचांतला एकजण म्हणाला होता. दोनाचं एक झालं, एकाचं अर्धं, आणि जसजसं ते आखूड होत गेलं तसतशी त्याची किंमत वाढत गेली. हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. पण फोनच्या पलीकडं त्यांची मुलगी श्वास रोखून उभी होती, सात वर्षांची असताना चित्र काढून दाखवायला उभी राहायची तशी.

“आवडलं,” ते म्हणाले. “फोटो कुठला देतेस?”

“दवाखान्याच्या ओळखपत्रावरचा. टोपीतला. आईला तो आवडायचा नाही, पण मला आवडतो.”

गुरुवारी पाळकांच्या खोलीत दिवे लावले होते. कॅमेरावाली मुलगी केस आखूड ठेवलेली, चटपटीत, घड्याळजींना आजोबा म्हणणारी. तिनं त्यांच्या कॉलरला माइक लावला आणि समोर एक कागद धरला. पाळक कोपऱ्यात खुर्चीवर बसले. घड्याळजींनी वाचलं, “आमच्याकडं पैसा नव्हता. पण आम्ही मौन—” आणि ते थांबले.

“छान चाललंय आजोबा. पुन्हा एकदा.”

“आमच्याकडं पैसा नव्हता. पण आम्ही—”

“निवडलं,” मुलीनं हळूच सांगितलं.

घड्याळजींनी कागदाकडं पाहिलं. ते म्हटलं की संपत होतं. तीन शब्द, कुणाचं काही बिघडत नव्हतं. जुने पाळक गेले, पेटीवाल्या बाई गेल्या, ती गेली. खोटं धरायला जगात कुणी उरलं नव्हतं. आणि नेमकं तेच त्यांना सहन होईना. आता जे बोलू तेच खरं होणार, पाळक म्हणाले होते तसं ही फिल्म रविवारी तिच्या फोटोच्या आधी लागणार, आणि तिच्या नावावर ती खोटी गोष्ट कायमची बसणार. त्यांनी समोरचा कागद हातानं खाली केला. “निवडलं नाही,” ते म्हणाले. “मी पेटी बिघडवली.” आणि मग ज्यांना चारचौघांत बोलता येत नव्हतं ते घड्याळजी वीस मिनिटं बोलले. एकसष्ट पट्ट्या, रॉकेल, कानस, म्हशी, रडणारं तान्हं मूल, पेटीवाल्या बाईंचे मांडीवर घेतलेले हात. जुने पाळक खोटं बोलले तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, “ते मौन नव्हतं. ती माझी लाज होती. बाकीच्यांनी तिचं काहीतरी बरं करून घेतलं.”

घड्याळजी वाट पाहत राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की हे बाहेर पडलं की डोक्यावरचं छत खाली येईल. छत काही आलं नाही. नव्या छताची पंचवीस वर्षांची हमी होती.

“आजोबा!” कॅमेरावाली म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “हे केवढं भारी आहे! कागदावरचं काहीच नाही याच्यापुढं.”

पाळकांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरोखरीच पुसले. “काका, मी यावर प्रवचन करीन. चुकीतून देव काय उभं करतो! लोक हे ऐकून निधीला—” आणि ते थांबले, पण वाक्य कुठं जात होतं ते तिघांनाही कळलं.

“मी हे त्यासाठी नाही सांगितलं,” घड्याळजी म्हणाले.

“म्हणून तर ते पोचतं,” कॅमेरावाली म्हणाली आणि तिनं त्यांच्या कॉलरचा माइक हळुवार काढून घेतला.

रविवारी घड्याळजींची मुलगी आली, फिकट निळ्या साडीत, आईसारखी घाईघाईत. ती त्यांच्या शेजारी पाचव्या बाकावर बसली आणि गादी दाबून म्हणाली, “मस्त केलंय हो सगळं.” प्रवचन झालं. दिवे मंद झाले, आणि पडद्यावर घड्याळजींचा चेहरा आला, कपाटाएवढा मोठा, प्रत्येक सुरकुती वेगळी दिसेल असा. वीस मिनिटांची तीन केली होती. खाली पियानो वाजत होता, पेटी बिघडली तिथं तर फारच गोड वाजत होता. मंडळी म्हशींना हसली, तान्ह्या मुलाला हसली, जुन्या पाळकांच्या वाक्याला कुणीतरी हुंदका दिला. घड्याळजी पडद्याकडं पाहत नव्हते. ते शेजारी पाहत होते. मुलीनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं, आणि मग ती समोर बघत राहिली. ‘ती माझी लाज होती,’ पडद्यावरचा म्हातारा म्हणाला. त्याच्या पुढचं वाक्य काढून टाकलं होतं. चेहरा विरला. ‘मौन’ असं आलं, टोपीतला फोटो आला, टोपीबाहेर आलेली बट अगदी स्पष्ट दिसली, आणि तीसचा आकडा उतरायला लागला.

पहिल्या बाकावर छतवाले बसले होते. दणकट, भाबडा माणूस. लहानपणी याच चर्चमध्ये आईच्या मांडीवर ठिबकणाऱ्या पाण्याखाली बसलेला. त्याला भरून आलं आणि त्यानं टाळी वाजवली. एकच, मग दुसरी. त्याच्यामागं दुसऱ्या बाकानं वाजवली, मग तिसऱ्यानं, मग सगळ्यांनी. प्रेमानं वाजवत होते. मागं वळून घड्याळजींकडं पाहत, हसत, डोळे पुसत. वीस. पंधरा. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थोपटलं. फोटोतली नर्स टाळ्यांच्या वरून, आपल्याला हे काय चाललंय ते न कळल्यासारखी, समोर पाहत होती. सात, सहा. घड्याळजींनी हात वर केला, थांबा म्हणून. लोकांना वाटलं ते आभार मानतायत, आणि टाळ्या वाढल्या. शून्य आलं. संगीत लागलं. अर्पणाच्या थैल्या फिरायला लागल्या.

दारापाशी मुलीनं रांग मोडली. “पाळकसाहेब, आईचे तीस सेकंद टाळ्यांत गेले.”

पाळकांचा चेहरा उतरला. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. “ताई, खरंच चुकलं. असं करू, पुढच्या महिन्यातला एक रविवार तुम्हाला देतो. पैसे नकोत.”

“पुढचा महिना तिचा नाही. आणि मी काय हप्ता चुकवलाय, पुढची तारीख घ्यायला?”

“नको,” घड्याळजी म्हणाले. इतक्या हळू की दोघांनाही वाकावं लागलं. “तिचं नाव पुन्हा लावू नका. कुणाचंच लावू नका.”

“काका,” पाळकांनी त्यांचा हात धरला, “त्या निधीतून दोन मुली नर्सिंगला शिकतायत. त्यांची फी त्यातून जाते. बंद करून त्यांना काय सांगू?”

घड्याळजींनी उत्तर शोधलं. छताकडं पाहिलं, गालिच्याकडं पाहिलं. दोन मुली. टोपी घालणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या, कदाचित उपाशी. “त्यांची फी द्याच हो,” ते म्हणाले. “फी द्या. पण मौन—” मागं रांग लागली होती. त्यांनी पाळकांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि ते हो न म्हणता पायऱ्या उतरले.

मुलीनं आज चालत जाऊ दिलं नाही. बस जवळजवळ रिकामी होती. मुलगी खिडकीशी बसली, ते कडेला. पहिला थांबा गेल्यावर ती म्हणाली, “आईला माहीत होतं?”

“नाही.”

“मला?”

“तुला कुठलं! तू तर आज ऐकलंस.”

“सगळ्या गावाबरोबर.” ती हसली, मग म्हणाली, “कॅमेऱ्याला सांगितलंत.” त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि ते घड्याळजींना जास्त लागलं. ते काहीतरी बोलणार होते. “नका,” ती म्हणाली. “बाबा, मला दुसरं काही येत नाही हो. ती गेली तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. मला रडताही येत नाही नीट. मला वाटलं, निदान पैसे भरून काहीतरी नीट करू. सगळ्यांचं तसंच असेल ना? त्या सिमेंटवाल्यांचंसुद्धा?” तिचा आवाज फाटला आणि तिनं तोंड खिडकीकडं केलं. घड्याळजींनी तिचा हात घेतला. तो गार होता, बोटांना शाई लागलेली होती. त्यांना वाटलं, आता काहीतरी म्हणावं, बापानं म्हणायचं असतं तसं; पण त्यांना बोलता येत नव्हतं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. बस चालत राहिली. काचा थरथरत होत्या. कुठंतरी मागच्या सीटवर एक नाणं किंवा झाकण गडगडत पुढं यायचं, वळणावर परत जायचं. पुढच्या बाईच्या पिशवीत कागद चुरचुरत होता. मुलीचा श्वास आधी अडखळत होता, हुंदका गिळल्यावर येतो तसा. मग तो लांब झाला, मग त्यांचा आणि तिचा वेगळा ओळखू येईना. थांबे आले, माणसं चढली, उतरली, दार आपटलं, घंटी वाजली. दोघांनीही बाहेर पाहिलं आणि दोघांनाही काही दिसलं नाही.

कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला होता, केव्हापासून कोण जाणे. त्यानं खाकरून पाहिलं, मग खांद्याला हात लावला.

“काका, तुमचा थांबा मघाशीच गेला. चार थांबे मागं. मी हाक मारली होती, पण तुम्ही दोघंही...” त्यानं मान हलवली. “आता पुढं बसायचं तर नवं तिकीट काढावं लागेल. नियम आहे, काय करणार.”

मुलीनं डोळे पुसत पर्स उघडली. घड्याळजींनी तिच्या हातावर हात ठेवून ती बंद केली आणि आपल्या खिशात हात घातला.

“कुठपर्यंतचं देऊ?” कंडक्टरनं विचारलं.

घड्याळजींनी मुलीकडं पाहिलं. तिनं डोकं काचेला टेकवून डोळे मिटले होते.

“शेवटपर्यंतचं द्या,” ते म्हणाले. “दोन.”